पंखाखालचा कॅमेरा: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

विमान: वर पंख, दोन आसने, संपूर्ण धातूचे, स्ट्रटवाले (पंखाला खालून तिरका आधारदांडा), हौशी बांधणीच्या परवान्यावर उडणारे. इंजिन चार सिलिंडरचे, मध्ये गिअरबॉक्स नाही, प्रोपेलर दोन पात्यांचा. क्रूझ (नेहमीचा उड्डाणवेग) १०० नॉट, कधीही ओलांडायचा नाही तो वेग १४० नॉट. कॅमेरा गोप्रोच्या घाटाचा: ७२ × ५१ × ३४ मिमी, बॅटरीसह १५४ ग्रॅम.

हवे ते दृश्य: पंखाखालून केबिन, नाक आणि मुख्य चाक एका चौकटीत, मागे क्षितिज.

कागदाचे काम आधी. विमानाच्या बाहेर लावलेली वस्तू हा विमानातला बदल धरायचा की नाही, हे त्या त्या नोंदणीच्या नियमांवर ठरते. प्रमाणित विमान असेल तर परवानाधारक अभियंत्याच्या लेखी होकाराशिवाय एक स्क्रूही फिरवू नये. ‘एवढासा तर कॅमेरा आहे’ हा मुद्दा तिथे चालत नाही, आणि चालू नयेच. विमा कंपनीलाही आधीच कळवलेले बरे. आमच्या विमानाच्या नोंदवहीत बदल लिहिणे आणि चाचणी उड्डाणे करणे बंधनकारक आहे, म्हणून ही वही.

चिकटवण्याचे दोन उपाय पहिल्याच दिवशी बाद. सक्शन कप बाहेरच्या हवेच्या दाबावर टिकतो. ३,००० मीटरवर तो दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा साधारण ३० टक्के कमी, म्हणजे पकडही तेवढीच ढिली. त्यात रबर उन्हात मऊ पडते. व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारा फोमचा टेप) मात्र खरोखर दणकट असतो. पृष्ठभाग नीट पुसून लावला आणि ७२ तास मुरू दिला, तर टेप सुटत नाही, त्याच्याखालचा रंग सुटतो. रंगाची पत्र्यावरची पकड किती आहे हे मोजायला कुणाकडेच साधन नसते. तेव्हा जोडणी नट-बोल्टचीच.

७ जानेवारी

जागा. या कामातला खरा निर्णय हाच. ब्रॅकेट कुणीही बनवेल. तो कशाला धरून आहे आणि त्याच्या मागची हवा कुठे जाते, यावर सगळे ठरते.

डावा पंख बाद. पिटो ट्यूब (वेग मोजणारी नळी) आणि स्टॉल वॉर्निंगची पट्टी दोन्ही तिकडे आहेत. स्टॉल म्हणजे पंखावरची हवा सुटून त्याची उचल जाणे. पिटोच्या जवळ अडथळा आला की वेग चुकीचा दिसतो, आणि तोही प्रत्येक वेगाला वेगवेगळ्या फरकाने, म्हणजे आकडा वजा करून भागत नाही.

पंखाची वरची बाजू बाद. लिफ्टचा (पंखाच्या उचलीचा) मोठा वाटा वरच्या पृष्ठावरच्या कमी दाबातून येतो. तिथे ठोकळा बसवला की त्याच्या मागची हवा लवकर सुटते आणि स्टॉलला तोच पंख आधी खाली जातो. खालच्या बाजूला दाब जास्त असतो, प्रवाह चिकटून राहतो. तिथे अडथळा बराच खपतो.

आतली बाजू बाद: इंधनाची टाकी आणि टाकीचा व्हेंट (हवा जाण्यायेण्याची नळी).

स्ट्रट पाहताक्षणी मोहात पाडतो. गोल क्लँप लावला, संपले. पण स्ट्रट हा पंखाचा सगळा भार तोलणारा अवयव. क्लँपच्या कडेने त्यावर पडलेला बारीक ओरखडा म्हणजे थकव्याच्या तड्याला आमंत्रण. आणि तडा पडतो तो क्लँपच्या आत, जिथे तपासणीत नजर जात नाही. बाद.

उभे विमान जमिनीला बांधायच्या दोराची कडी ज्या आट्यांत बसते ती जागा बरी आहे. आटे थेट स्पारच्या (पंखाच्या मुख्य कण्याच्या) फिटिंगमध्ये असतात, ताकदीचा प्रश्न नाही. दोष एकच: तो एक बिंदू आहे. एका बोल्टवर लटकलेला ब्रॅकेट हवेच्या धक्क्याने त्याच बोल्टभोवती फिरतो. जॅम नट आणि पंखाच्या पत्र्याला टेकणारा रबरी पाय लावून फिरणे थांबवता येते. पण आमच्या विमानात कडी स्ट्रटच्या अगदी डोक्याशी आहे, त्यामुळे अर्ध्या चौकटीत स्ट्रटच दिसतो.

उरले उजव्या पंखाखाली स्ट्रटच्या पलीकडचे इन्स्पेक्शन कव्हर (पंखाच्या आत पाहायच्या भोकाचे झाकण). १५० × १२० मिमी, ०.८ मिमीचा पत्रा, १० स्क्रू. मध्यरेषेपासून अंतर २.९ मीटर. मोठा फायदा हा की पंखाला एकही नवे भोक पडत नाही. मूळ कव्हर काढायचे, त्याच भोकांवर नवी जाड प्लेट बसवायची, आणि नको झाले की मूळ कव्हर परत. या जागेची दोन दुखणी मात्र डोळ्यांसमोर ठेवायची. कव्हरच्या बरोबर वर एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा हलता भाग) बेलक्रँक, म्हणजे त्याला हलवणारी कोनातली तरफ, फिरतो, आणि मागे एलेरॉनची आतली कड येते.

लेन्सचे गणित: चौकटीची रुंदी = २ × अंतर × अर्ध्या कोनाचा टॅन. ३ मीटरवरून ९० अंशांच्या लेन्सला ६ मीटर दिसते, ११८ अंशांना जवळजवळ १०. आम्हाला शेपटी नको आहे, त्यामुळे ९० च्या आसपासचा मोड पुरतो आणि कडाही वाकत नाहीत.

११ जानेवारी

भार. कॅमेरा, त्याच्याभोवतीचा पिंजरा आणि ब्रॅकेट मिळून हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ ५५ चौ. सेंमी धरले. कॅमेरा तिरका बसणार असल्याने प्रत्यक्षात कमी असेल, पण हिशेब सढळ हाताने करावा. ड्रॅगचा (हवेच्या ओढीचा) गुणांक १.१, हवेची घनता समुद्रसपाटीची.

१०० नॉटला (५१.४ मी/से) गतिज दाब सुमारे १,६२० पास्कल, ओढ ९.८ न्यूटन, म्हणजे एक किलो. १४० नॉटला १९ न्यूटन, दोन किलोंच्या आत. वेग १.४ पट, ओढ दुप्पट.

वजन सगळे मिळून ०.४२ किलो. ३.८ जीला, म्हणजे वजन ३.८ पट भासते तेव्हा, ते १.६ किलो होते. म्हणजे ताकदीच्या दृष्टीने हे काम किरकोळ आहे. १०० नॉटला या अडथळ्यापायी अर्धा किलोवॉट जातो, पाऊण अश्वशक्तीच्या आत. वेगातला फरक काट्यावर वाचता येणार नाही. पंखाच्या मध्याजवळचे ०.४२ किलो हे त्याच पंखातल्या पाऊण लिटर इंधनाहूनही कमी. तोल बिघडायचा प्रश्न नाही.

तरीही असे कॅमेरे पडतात. ते भाराने तुटून पडत नाहीत. कंपनाने ढिले होऊन, एकेक आटा सुटत जाऊन पडतात. त्यामुळे पुढचे सगळे डोके ब्रॅकेट दणकट करण्यापेक्षा तो ढिला होऊ न देण्यात घालायचे.

१८ जानेवारी

प्लेट. २०२४-टी३ (विमानात वापरतात तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू), १.६ मिमी. मूळ कव्हर तिच्यावर क्लँप करून त्याच्याच भोकांतून ड्रिल केले. पहिली दोन भोके कर्णाच्या टोकांना, त्यांत क्लेको (पत्रे तात्पुरते धरणारी पिन), मग बाकीची. मोजून आखून भोके पाडू नयेत. पंखातले अँकर नट (पत्र्याच्या आतून पक्के बसवलेले नट) हाताने रिबेट केलेले असतात, अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे असतातच.

भोकाच्या मध्यापासून कडेचे अंतर किमान भोकाच्या व्यासाच्या दुप्पट. ८ नंबरच्या स्क्रूला भोक ४.२ मिमी, म्हणजे कड ८.४ मिमी लांब हवी. मूळ कव्हरला ९ होती, तीच ठेवली. कोपरे ६ मिमी त्रिज्येने गोल केले. कडा आधी कानसीने, मग ४०० च्या पेपरने लांबीच्या दिशेने घासल्या. प्रत्येक भोकाची बर (ड्रिलने उठलेली धारदार कड) दोन्ही बाजूंनी काढली.

स्क्रूची लांबी इथे बहुतेक जण विसरतात. पत्रा ०.८ वरून १.६ झाला, म्हणजे जुना स्क्रू अँकर नटात ०.८ मिमी कमी जातो. नटाच्या वरच्या टोकाला असलेला पकड देणारा भाग गाठलाच नाही, तर स्क्रू घट्ट लागतो पण लॉक होत नाही. एक माप लांब स्क्रू घेतले. बसवताना बोटाने फिरवून पाहायचे. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या स्क्रूड्रायव्हरशिवाय फिरल्या तर तो अँकर नट थकलेला आहे, बदलायचा. एक बदलावा लागला.

२१ जानेवारी

ब्रॅकेट. २०२४-टी३ वाकवून बनवू नये; कमी त्रिज्येत वाकवला की बाहेरच्या बाजूला तडकतो. ६०६१-टी६ चा तयार अँगल घेतला, ४० × ४० मिमी, ६० मिमी लांब. कॅमेऱ्याचा मध्य पंखाच्या पत्र्याखाली ७० मिमीवर येतो. आखणी तपासायला प्रथम २ मिमी जाडीच्या अँगलचा नमुना केला. अंतिम ब्रॅकेट ३ मिमीचा, आतल्या कोपऱ्यात ३ मिमीचा त्रिकोणी गसेट (कोपरा ताठ करणारा तुकडा), दोन्ही बाजूंना ३.२ मिमीचे प्रत्येकी चार रिबेट.

प्लेटला जोडणी चार एएन-३ (विमानी दर्जाच्या) बोल्टांनी. बोल्टांची डोकी आत (वर), नट बाहेर (खाली). याची दोन कारणे आणि दोन्ही महत्त्वाची. एक, आतली उंची: डोके आणि वॉशर मिळून ५ मिमीच्या आत, तेच नट आत ठेवला तर वॉशर, नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्याने ढिला न होणारा) आणि बाहेर डोकावणारे आटे धरून १० मिमी. दोन, एखादा नट सुटलाच तर तो बाहेर पडेल. आत पडलेला नट बेलक्रँकच्या खोबणीत लोळत राहतो आणि नेमका वळणात एलेरॉन अडवतो. कॅमेरा हरवला तर कॅमेरा हरवतो. नट आत गेला तर प्रश्न जिवाचा होतो.

टॉर्क २.५ न्यूटन-मीटर, त्यात नायलॉकचा स्वतःचा विरोध मिळवायचा. नट बोल्टवर हाताने फिरवताना किती जोर लागतो तो आधी मोजून त्यात भर घालायची. नटाबाहेर किमान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. काढलेला नायलॉक परत वापरला नाही. शेवटी नट आणि प्लेटवरून आडवी लाल रंगाची रेघ ओढली; नट हलला की रेघ तुटते.

कॅमेऱ्याचा सांधा. बाजारात मिळणारे सगळे माउंट कोन बदलता यावा म्हणून दातेरी किंवा घर्षणाच्या सांध्यावर बनवलेले असतात. पंखाखाली नेमका हाच सांधा फिरतो, कारण तिरक्या कॅमेऱ्यावर हवा सतत पिळ देत असते. इथे बदलता येणारा कोन नकोच. नाकाच्या दिशेपासून ६० अंश आत आणि १२ अंश खाली असा पक्का कोन असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा मिलिंग करून घेतला. कॅमेऱ्याभोवती ॲल्युमिनियमचा पिंजरा आहे, तो त्या ठोकळ्याला दोन स्क्रूंनी बसतो. कॅमेऱ्याच्या माउंटची एकमेकांत बसणारी प्लास्टिकची बोटे आणि हाताने फिरवायचा एम५ स्क्रू काढून टाकला. ज्यांना तो ठेवायचाच असेल त्यांनी त्याच्या मुठीला भोक पाडून ०.८ मिमीची लॉक वायर ओढावी, अर्थात स्क्रू आवळण्याच्या दिशेने.

कंपन मारायला मध्ये रबर घालावे असे सुचवले जाते. बोल्टच्या खाली रबर कधीच नको. रबर दबते, बसते, आणि बोल्टमधला ताण निघून जातो. नेमक्या टॉर्कने आवळलेला नट मग नुसता शोभेचा उरतो.

२५ जानेवारी

टकटक चाचणी. प्लेट पंखाला पूर्ण बसवून, ब्रॅकेटवर पिझोचा चिकटणारा माइक लावला. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलके ठोकायचे आणि रेकॉर्डरमधला आवाज ऑडॅसिटीत (ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेऊन वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला आवाज किती, ते पाहायचे. फोनमधला त्वरणमापक यासाठी अपुरा पडतो. त्याची नमुने घेण्याची गती कमी, वरच्या वारंवारता खोट्याच दिसतात.

टाळायची वारंवारता, म्हणजे जिच्याशी ब्रॅकेटची स्वतःची जुळली तर तो झुलू लागेल ती: इंजिन २,२०० ते २,७०० फेऱ्यांत चालते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीत दोन स्फोट, आणि प्रोपेलरची पातीही दोन. दोन्हींचा ठोका एकच, ७३ ते ९० हर्ट्झ. 

२ मिमीच्या नमुन्याची नैसर्गिक वारंवारता ७४ हर्ट्झ आली. अगदी खड्ड्यात. जाडी वाढली की ताठरपणा घनात वाढतो, आणि कॅमेऱ्याचे वजन तेच राहिले तर वारंवारता जाडीच्या दीड घातात. ३ मिमीला १३६ अपेक्षित होते, मोजमापात १३४. गसेटसह २१०. ठोकळ्याच्या मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा ठोका ५० मिमीच्या वस्तूला १०० नॉटला ढोबळमानाने १३० हर्ट्झच्या आसपास पडतो, त्यामुळे गसेटशिवायचा ब्रॅकेटही घातला नसता. गसेट ३० ग्रॅमचा आहे आणि या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा तुकडा तोच.

तुलनेसाठी मूळ ०.८ मिमीच्या कव्हरच्या जाडीच्या पत्र्यावर तोच ब्रॅकेट बसवून ठोकून पाहिला: ५८ हर्ट्झ, आणि आवाज डफासारखा लांबत जाणारा. पातळ सपाट पत्र्यावर कितीही ताठ ब्रॅकेट लावला तरी झुलतो तो पत्राच.

२६ जानेवारी

आतले अंतर. प्लेटच्या आतल्या बाजूला, बोल्टांच्या डोक्यांवर प्लॅस्टिसिनचा २५ मिमी उंच ठोकळा ठेवून प्लेट बसवली. एलेरॉन दोन्ही टोकांना नेला. मग प्लेट अलगद उतरवून जिथे माती सर्वांत दबली तिथे व्हर्नियर लावला: डोक्यावर १७ मिमी मोकळे. पुरेसे. बेलक्रँकवर चिकटलेली माती स्पिरिटने पुसली. हात आत गेल्यावर प्रत्येक हत्यार मोजून बाहेर आले की नाही ते दोघांनी पाहायचे, हा नियम इथेही.

२८ जानेवारी

सुरक्षा दोरी. १.६ मिमीची ७×७ (सात तारांचे सात पेड) स्टेनलेस वायर, तुटण्याची ताकद २०० किलोंच्या पुढे. दोन्ही टोकांना थिंबल (फासाचे धातूचे अस्तर) आणि तांब्याचे दोन-दोन दाबून बसवलेले स्लीव्ह, पुरेसे दाबले का ते सांगणाऱ्या गो-नोगो गेजने तपासलेले. एक टोक पिंजऱ्यातून, दुसरे प्लेटवर ब्रॅकेटपासून वेगळ्या स्वतंत्र बोल्टला. दोरी ब्रॅकेटच्याच बोल्टला बांधली तर ब्रॅकेटबरोबर तीही जाते, मग ती बांधलीच कशाला.

लांबी ११० मिमी. लांब दोरी घातक. सुटलेला कॅमेरा १०० नॉटच्या हवेत दोरीच्या टोकाशी हातोड्यासारखा आपटत राहतो. एलेरॉनपर्यंत किंवा पंखाच्या पत्र्याच्या मध्यापर्यंत तो पोहोचता कामा नये. दोरीवर हीट-श्रिंक चढवून ती ब्रॅकेटच्या मागच्या कडेला टेपने बसवली. मोकळी राहिली तर शिट्टी वाजवते आणि रंग खरवडते.

१ फेब्रुवारी

जमिनीवरची ओढ. काटेवाला स्प्रिंग बॅलन्स पिंजऱ्याला अडकवून मागे ८ किलो, खाली ६, दोन्ही बाजूंना ५, प्रत्येकी एक मिनिट. मागच्या दिशेचे ८ किलो म्हणजे १४० नॉटच्या ओढीच्या चौपट. प्लेटच्या मध्याशी डायल गेज: भार असताना ०.४ मिमी, काढल्यावर शून्य. लाल रेघा शाबूत.

चुंबक. उजव्या पंखाच्या टोकात मॅग्नेटोमीटर (होकायंत्राचा सेन्सर) आहे, कव्हरपासून १.६ मीटर. कॅमेरा बंद, चालू, रेकॉर्डिंग, तिन्ही अवस्थांत पडद्यावरची दिशा पाहिली. फरक एक अंशाच्या आत. स्क्रू चुंबकाला चिकटत नाहीत ना, हे बसवण्याआधीच पाहिले होते.

रेडिओ. स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडून ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमधल्या नेहमीच्या वारंवारता फिरवल्या. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या बॅटरीवर काही नाही. पॉवर बँक आणि लांब यूएसबी केबल लावली की दोन वारंवारतांवर खरखर. केबलवर फेराइट (खरखर शोषणारे कडे) चढवूनही पूर्ण गेली नाही. बाहेरची वीज रद्द. तशीही केबलसाठी दार काढलेल्या कॅमेऱ्यात पाणी आणि धूळ शिरते. वाय-फाय आणि ब्लूटूथ उड्डाणात बंद.

८ फेब्रुवारी

पहिले उड्डाण, वैमानिक एकटा, कॅमेऱ्याऐवजी त्याच मापाचा आणि वजनाचा लाकडी ठोकळा. खरा कॅमेरा लावला की नजर चित्रावर जाते, हवेवर राहत नाही.

रन-अपनंतर (जमिनीवरच इंजिन वाढवून तपासल्यावर) इंजिन बंद करून रेघा पाहिल्या. मग जमिनीपासून १,२०० मीटर उंची गाठून ६० नॉटपासून १०-१० नॉटने वाढ. प्रत्येक वेगाला पॅनलवरचा, विमान आडवे घसरते का ते दाखवणारा चेंडू मध्यात आहे का, स्टिकमध्ये (हातातल्या नियंत्रण दांड्यात) थरथर आहे का, हात सोडल्यावर पंख कुठे झुकतो. मग डावी-उजवी साइडस्लिप (विमान कलवून बाजूला घसरवणे), आणि स्टॉल: फ्लॅप (संथ वेगासाठी पंखामागून उतरणारे पट्टे) वर आणि खाली, दोन्ही. स्टॉलचा वेग आणि पंख पडण्याची पद्धत ठोकळ्याशिवाय होती तशीच.

८५ ते ९५ नॉटमध्ये, डावीकडे वळताना स्टिकमध्ये बारीक गुणगुण. त्याआधी नाही, त्यानंतरही जवळजवळ नाही. डाव्या वळणासाठी उजवा एलेरॉन खाली येतो आणि ठोकळ्यामागच्या खवळलेल्या हवेत बुडतो. हे चालवून घेण्यासारखे नाही. एलेरॉनला मागून सतत मिळणारे टोले बिजागराच्या पिनांना खातात.

१५ फेब्रुवारी

कॅमेऱ्यामागच्या शेपटीचे फेअरिंग (हवा सुरळीत वाहू देणारे आवरण). पुढून गोल करण्यापेक्षा मागून निमुळते करण्यात फायदा जास्त, कारण ओढ आणि भोवरे दोन्ही मागेच तयार होतात. ब्रॅकेट आणि ठोकळ्यामागे १३० मिमी लांब निमुळती शेपटी, थ्री-डी प्रिंटरवर एएसए प्लास्टिकमध्ये छापलेली, २.५ मिमी भिंत. पीएलए इथे वापरूच नये. ते ६० अंशांच्या आसपास मऊ होते, आणि उन्हात उभ्या विमानाचा गडद पृष्ठभाग तिथवर जातो. पीईटीजीला ८० पर्यंत चालते, एएसएला १०० पर्यंत. छापण्याची दिशा अशी की थर हवेच्या ओढीला आडवे येऊन उसवणार नाहीत. चार एम४ स्क्रू, पितळी इन्सर्ट, वर मोठे वॉशर.

वजन वाढले, म्हणून टकटक चाचणी पुन्हा: १९४ हर्ट्झ. चालेल.

१६ फेब्रुवारी

ठोकळा आणि शेपटीसह तोच कार्यक्रम. गुणगुण गेली. १२० नॉटपर्यंत तपासले आणि तिथेच थांबलो; त्याहून जोरात चित्रीकरण करायचेच नाही. पॅनलवर पट्टी: ‘पंखाखाली कॅमेरा असताना कमाल ११० नॉट’.

२२ फेब्रुवारी

खरा कॅमेरा. तो उलटा लटकतो, चित्र उलटवण्याची सोय मेनूत पक्की ठेवली. ‘आपोआप’वर ठेवली तर तीव्र वळणात रेकॉर्डिंग सुरू केल्यास गोंधळ होतो.

पहिल्या चित्रणात प्रोपेलरची पाती कोयत्यासारखी वाकडी आणि तुटक दिसली, स्ट्रटची कड पाण्यात पाहावी तशी लहरत होती. ब्रॅकेट ताठ असूनही असे का? सेन्सर चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचतो. भर उन्हात कॅमेरा शटर १/३,००० च्याही वर नेतो, म्हणजे प्रत्येक ओळ गोठलेली आणि शेजारच्या ओळीपेक्षा वेगळ्या क्षणाची. उरलेसुरले कंपनही मग नजरेत भरते.

उपाय एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच). हिशेब सोपा. लखलखीत उन्हात एफ/१६, आयएसओ १०० ला शटर १/१००. कॅमेऱ्याची लेन्स एफ/२.८ च्या आसपास, म्हणजे पाच स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) जास्त उजेड, शटर १/३,२००. एनडी३२ नेमके पाच स्टॉप खातो, शटर परत १/१०० वर. प्रोपेलरचा पारदर्शक चक्राकार धूसर पट्टा दिसायला लागतो, लहरणे गायब. आयएसओ १०० वर बांधून ठेवायचा, नाहीतर कॅमेरा आपल्या मनाने वाढवतो. ढगाळ असेल तर एनडी८ किंवा १६. फिल्टर आट्यांनी बसणारा घ्यावा. नुसता दाबून बसणारा हमखास उडतो.

१ मार्च

इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद. कॅमेऱ्यातला जायरो क्षितिज धरायला जातो; विमान वळले की क्षितिज जागच्या जागी आणि चौकटीत विमानच बोटीसारखे डोलते. बंद केल्यावर विमान स्थिर आणि जग वळते, पंखावरच्या कॅमेऱ्याकडून हवे ते हेच. शिवाय १/१०० च्या शटरवर स्थिरीकरण हलणे काढते पण पुसटपणा तसाच ठेवते; ते डोळ्यांना जास्त खुपते.

आवाज कॅमेऱ्याचा घेऊ नये, नुसता वारा असतो. इंटरकॉममधून छोट्या रेकॉर्डरमध्ये घ्यायचा. इंजिन सुरू करण्याआधी, दोन्ही चालू असताना, कॅमेऱ्यासमोर एक टाळी. जुळवणीला तेवढी पुरते.

कार्ड व्ही३० वेगवर्गाचे. सेकंदाला १०० मेगाबिटच्या चित्रणाला ६४ जीबी सुमारे ८५ मिनिटे पुरते. बॅटरी त्याआधी संपते. गरम होणे ही उलट जमिनीवरची अडचण. उन्हात, वारा नसताना दहा-पंधरा मिनिटे ४के चालू ठेवले की कॅमेरा स्वतःहून बंद पडतो, आणि ते उतरल्यावरच कळते. रनवेजवळ थांबावे लागणार असेल तर रेकॉर्डिंग उशिरा सुरू करावे. कॅमेरा आत वळलेला असल्याने त्याचा पुढचा लाल दिवा केबिनमधून दिसतो. तो बंद करू नये. एकदा वर गेले की हवाच त्याला थंड ठेवते. थंडीत बॅटरी खिशात ठेवून शेवटी घालावी.

८ मार्च

उड्डाणापूर्वीच्या तपासणीत भर: चार लाल रेघा, प्लेटचे दहा स्क्रू बोटाने, दोरीची दोन्ही टोके, फिल्टर, कॅमेऱ्याचे दार, मग एलेरॉन दोन्ही टोकांपर्यंत, कान प्लेटजवळ ठेवून. आत काही घासले तर ऐकू येते.

दर १० तासांनी प्लेट उतरवायची. भोके लांबट झाली आहेत का, गसेटच्या टोकांशी आणि प्लेटच्या कोपऱ्यांत तडा आहे का, १० पट भिंगाने. बोल्टभोवती काळपट राखाडी पूड दिसली तर तो जोड हलतो आहे. नुसते आवळून भागत नाही, उघडून पाहायचे. पहिल्या १० तासांनंतर फेअरिंगच्या एका इन्सर्टभोवती केसासारखी चीर दिसली. प्लास्टिकची भिंत तिथे ४ मिमी करून नवी शेपटी छापली.

मूळ कव्हर त्याच्या मूळ दहा स्क्रूंसह पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवले आहे. कॅमेरा काढून ते परत लावताना तेच आखूड स्क्रू वापरायचे. प्लेटचे लांब स्क्रू पातळ कव्हरमधून गेले की त्यांची टोके आत बेलक्रँकच्या दिशेने जास्त येतात, आणि ते अंतर आम्ही मोजलेले नाही.